हौसा म्हशीच्या मुलाची नोंदणी

एका जंगलात रानम्हशींचा एक कळप राहत होता, आणि आपल्यात काही सुधारण्यासारखं आहे हे त्या कळपाला ठाऊकच नव्हतं. मुलांनो, खरं म्हणजे गोष्ट इथेच संपायला हवी होती. पण सुखाने राहणाऱ्यांच्या गोष्टी होत नाहीत, म्हणून पुढची ऐका.

या कळपाची एक रीत होती. सिंह दिसला की मोठी जनावरं गोल रिंगण धरायची. शेपट्या आत, शिंगं बाहेर. मध्ये पारडी, म्हणजे म्हशींची लेकरं. सिंह त्या रिंगणाला एक फेरी मारायचा, कुठे फट नाही हे बघायचा आणि "सहज पाय मोकळे करायला आलो होतो," असं म्हणून परत जायचा. मग गुहेत जाऊन घूस खायचा. राजा झाला म्हणून पोट कुणाला चुकलंय?

सिंहाचा कारभारी होता एक तरस. सिंहाचं जेवण झालं की उरलेलं तरसाचं, असा दोघांचा करार होता. आता घुशीत उरणार काय? शेपूट. तरस शेपटांना विटला होता.

एक दिवस तो सिंहाला म्हणाला, "महाराज, आपण म्हशींच्या मागे धावतो, हीच मुळात चूक आहे."

"मग काय, त्यांनी माझ्यामागे धावायचं?"

"होय महाराज. फक्त त्याला योजना म्हणायचं."

दुसऱ्या दिवशी तरस पाणवठ्यावरच्या धोंड्यावर चढला आणि त्याने भाषण केलं. "बंधूंनो आणि भगिनींनो, तुमचा वाण थोर आहे, पण मागासलेला आहे. महाराजांना रात्र रात्र झोप येत नाही. म्हणून त्यांनी वाण सुधार व नोंदणी अभियान सुरू केलं आहे."

म्हशींनी एकमेकींकडे पाहिलं. आपण मागासलेल्या आहोत हे त्यांना आजवर कुणी सांगितलंच नव्हतं.

"पाठ रुंद हवी," तरस सांगू लागला. "मांडी भरलेली हवी. पाय आखूड, शिंगं नावापुरती आणि स्वभाव शांत. जो प्रमाणात बसेल त्याला कानात पितळी बिल्ला आणि चरायला नदीकाठचं कुरण."

"मांडी भरलेली कशापायी हो?" एका म्हाताऱ्या म्हशीने विचारलं.

"आरोग्यासाठी."

"कुनाच्या?"

पण तोवर टाळ्या सुरू झाल्या होत्या, त्यामुळे हा प्रश्न तरसाला ऐकू आला नाही.

या कळपात हौसा नावाची एक म्हैस होती. नावासारखाच स्वभाव. तिला एकुलता एक मुलगा, त्याचं नाव रांगडा. अंगाने सडपातळ, पायाने लांब, आणि शिंगं एवढी की झाडाखालून जाताना त्याला मान तिरकी करावी लागे. आई म्हणेल ते ऐकायचा, बाकी कुणाच्या बापाला भ्यायचा नाही. हौसाने त्याला चाटून-पुसून तपासणीला उभं केलं.

"वडील?" तरसाने विचारलं.

"वारले. पर लई नावाजलेले व्हते. ह्याच महाराजांना शिंगावर घेऊन करवंदीच्या जाळीत फेकलं व्हतं त्यांनी. कुनालाबी इचारा."

तरसाने चुकचुकत मान हलवली. "म्हणजे घराण्यातच तापटपणा आहे. बाई, याला आनुवंशिक दोष म्हणतात."

आजवर हौसा या एका गोष्टीवर चारचौघींत ताठ मानेने मिरवत आली होती. त्या दिवसापासून तिने नवऱ्याचा विषय काढला नाही.

मग झाली स्वभावाची परीक्षा. तरसाने मांडी चाचपायची आणि जनावराने हलायचं नाही. आधी शेजारच्या भागीरथी म्हशीचा मुलगा लोण्या आला. गोल, गुबगुबीत, मऊ डोळ्यांचा. तरस मांडी चाचपत राहिला आणि लोण्या रवंथ करत राहिला. चाचपता चाचपता तरसाच्या तोंडाला पाणी सुटलं. "सर्दी झालीय," तो म्हणाला आणि त्याने लोण्याला पहिला नंबर दिला.

मग रांगडा आला. तरसाने मांडीला हात लावला मात्र, रांगड्याने अशी लाथ घातली की तरस घाणेरीच्या झुडपात जाऊन पडला.

"अपात्र!" झुडपातून आवाज आला.

हौसाला भुई दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

बघता बघता कळपाची तऱ्हाच बदलली. बिल्लेवाल्यांच्या आया पाणवठ्यावर वरच्या अंगाला पाणी पिऊ लागल्या. पारडी जन्मली की आजी आधी मांडी बघे, मग तोंड. रिंगण धरायची वेळ आली तर बिल्लेवाले मध्ये उभे राहत, कारण कडेला उभं राहिलं की ऊन लागतं आणि मांडी उतरते. पण रिंगणाची वेळ आताशा येतच नव्हती. सिंह फिरायला यायचा बंद झाला होता. बघा, केवढी सुधारणा!

रांगड्याचं लग्न शेवंता नावाच्या वगारीशी, म्हणजे तरण्या म्हशीशी, ठरल्यात जमा होतं. तेही फिसकटलं. तिचा बाप म्हणाला, "पोरगं सोन्यासारखं हाय, हौसाबाई. पर शिंगं लई. उद्या नातवंडांनी उचलली तर?"

"अवो, तुमालाबी हायेत की!"

"आमचा काळ येगळा व्हता."

हौसा घरी येऊन मुलावर ओरडली, "जा, त्या कातळावर घास ती शिंगं! समद्यांची पोरं पुढं गेली, माझंच मेलं मागं ऱ्हायलं!"

रांगडा बिचारा रोज कातळावर शिंगं घासायचा. ती आखूड काही झाली नाहीत. नुसती टोकदार झाली.

पावसाळा सरल्यावर थोरलं प्रदर्शन भरलं. लोण्या 'वाणश्रेष्ठ' ठरला. त्याच्या गळ्यात फुलांची माळ घातली, कपाळाला गुलाल लावला आणि वाजतगाजत त्याला गुहेपर्यंत नेलं. महाराजांच्या पंगतीचा मान त्याला मिळाला होता.

लोण्या परत आला नाही.

चार दिवसांनी तरस भागीरथीला भेटायला आला. त्याचं अंग चांगलंच भरलं होतं. "बाई, महाराजांना तुमचा मुलगा इतका आवडला," तो म्हणाला, "की शेवटपर्यंत कौतुक करत होते. अगदी हाडापर्यंत."

भागीरथीला 'आदर्श माता' म्हणून वडाखालची खास सावली मिळाली. ती तिथे बसायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "आमच्या लोण्याला तिकडंच ठेवून घेतलं. लई मोठ्या जागी हाय."

आता तुम्ही विचाराल, म्हशींना काही कळलं नाही का? मुलांनो, म्हशी काही इतक्या मूर्ख नसतात. कळलं होतं. पण कळणं वेगळं आणि शेजारणीला सावली मिळालेली रोज बघणं वेगळं. हौसा ती सावली बघायची आणि तिच्या घशाखाली गवत उतरायचं नाही.

आणि मग एका भर दुपारी पलीकडच्या डोंगरातून कोळसुंदे आले. कोळसुंदे म्हणजे रानकुत्री. त्यांना योजनेची काही कल्पना नव्हती. ते जुन्या पद्धतीने, भूक लागली म्हणून आले होते.

"रिंगण धरा!" म्हातारी म्हैस ओरडली.

कळप धावला. पण सगळे बिल्लेवाले मध्ये शिरले. आतले आत ढकलाढकली. रिंगणाला नुसता मध्यच झाला, कडा राहिलीच नाही. पारडी तेवढी सगळ्यांच्या बाहेर उघड्यावर पडली आणि हंबरायला लागली.

तेव्हा रांगडा पुढे झाला. त्याच्यामागोमाग दोन-चार अपात्र म्हशी सरसावल्या. त्यांनी पारडी पाठीशी घातली आणि शिंगं खाली केली. रांगड्याने एका कोळसुंद्याला असा उडवला की तो बाभळीवरच अडकला. बाकीच्यांनी तो वर लोंबकळताना पाहिला आणि आले त्या वाटेने ते पळाले. एकही पारडू गेलं नाही.

संध्याकाळी कळपाची बैठक बसली. सगळ्यांना गहिवरून आलं होतं.

"ह्या पोराचं कायतरी केलं पायजे," शेवंताचा बाप म्हणाला. "तशी शिंगं काय फार न्हाईत म्हना त्याची."

"मोठ्ठा सत्कार करू."

"कसला?"

सगळे विचारात पडले. कळपात मोठा मान असा एकच होता. अखेर ठराव झाला की रांगड्याला बिल्ला द्यावा आणि महाराजांच्या पंगतीला पाठवावं. तरस आधी कां-कूं करत होता, त्याच्या बरगडीला अजून लाथ आठवत होती. पण त्याने रांगड्याकडे एकदा मागून, एकदा पुढून पाहिलं आणि म्हणाला, "ठीक आहे. खास बाब म्हणून."

हौसाच्या डोळ्यांना धार लागली. ज्या बिल्ल्यासाठी तिने जिवाचं रान केलं, तो मुलाच्या कानात लोंबत होता.

मिरवणूक निघायच्या आधी रांगडा तिच्या कानाशी लागला. "आये, लोण्या परत का न्हाई आला गं?"

"मोठं झाल्यावर कुनी येतं व्हय परत?" ती त्याच्या गळ्यातली माळ सारखी करत म्हणाली.

"मी न्हाई म्हनू का?"

हौसाने मागे पाहिलं. ताशे वाजत होते. शेवंताचा बाप फेटा बांधून उभा होता. भागीरथीने सावलीत तिच्यासाठी जागा करून ठेवली होती.

"समदा कळप जमलाय रं बाळा," ती म्हणाली. आणि रांगडा आईचं ऐकणारा होता.

तो गुहेत शिरला. आत सिंह मऊ मऊ खाऊन चांगलाच सुटला होता. त्याला उठायलाही तरसाचा आधार लागत होता. त्याने डोळे किलकिले केले. आधी त्याला शिंगं दिसली. बराच वेळ नुसती शिंगंच दिसत राहिली, मग त्यांच्यामागून रांगडा आला.

"रामराम, म्हाराज. कुटं बसू?"

"ही... ही बाहेर ठेवून नाही का येता येत?"

"न्हाई म्हाराज. उगवल्याली हायेत."

सिंह भिंतीला चिकटला. "कारभारी, हा आपल्या प्रमाणात बसत नाही."

"महाराज, खास बाब आहे."

"मग खास बाब तू जेव. माझा आज उपास आहे."

तरसानेही पोट बिघडल्याचं सांगितलं. रांगड्याच्या कानातला बिल्ला लांबून काठीने काढून घेतला आणि त्याला नापास करून परत पाठवलं.

इकडे वडाखालच्या सावलीत हौसा दहाजणींच्या घोळक्यात बसली होती. "आता त्याला तिकडंच करमायचं," ती सांगत होती. "म्हाराज काय सोडत्यात व्हय त्याला?" सांगता सांगता मध्येच ती गुहेच्या वाटेकडे बघायची आणि सगळ्याजणी म्हणायच्या, "भाग्यवान हो तुमी!"

तेवढ्यात पायवाटेने रांगडा आला. गळ्यात माळ, कान मोकळा.

हौसा उठली ती धावतच सुटली. आयुष्यात इतका आनंद तिला कधी झाला नव्हता. ती त्याच्यापर्यंत पोहोचलीही. मग तिच्या लक्षात आलं की मागे सगळे बघताहेत.

ती थबकली. "का आलास?" तिने हळूच विचारलं.

"नको म्हनले मला."

"समद्या कळपात नाक कापलंस रं माझं!" हौसा आता सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाली. "आता कुनाला तोंड दाखवू मी?"

शेवंताच्या बापाने फेटा सोडायला घेतला.

तेव्हा भागीरथी आपली सावली सोडून उठली. ती रांगड्याजवळ गेली. तिने त्याचं कपाळ हुंगलं, मान हुंगली, आणि त्याचा गुलाल सगळा निघून जाईपर्यंत ती त्याला चाटत राहिली. तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ते थांबत नव्हतं.

मग आपण आदर्श माता आहोत हे तिला आठवलं. तिने डोळे पुसले, हौसाकडे वळली आणि समजुतीच्या सुरात म्हणाली, "मनाला लावून घेऊ नका, हौसाबाई. समद्यांच्याच नशिबात नसतं."

तात्पर्य : आईबापांची मान ताठ राहावी असं ज्या मुलांना वाटत असेल, त्यांनी घरी परत येऊ नये.