टोस्टेनगार्डची पाटी

मिनेसोटातल्या एका रस्त्याकडेच्या थांब्यावर एक जुनी पाटी, एक नवी पाटी, सिमेंटची दोन पोती, एक पहार, मोजायची टेप, बारा घडीच्या खुर्च्या आणि खजुराच्या वड्यांचं एक ताट एवढा ऐवज होता. माणसं तीन. बाकीचा गाव दोन वाजता यायचा होता.

जुनी पाटी व्हर्लिनच्या पणजोबांची. 'या जागी पहिले वसाहतकार ओले टोस्टेनगार्ड यांनी निर्जन माळावर झोपडी बांधली. सर्वांत जवळचा शेजारी तीस मैलांवर.' व्हर्लिन दर शनिवारी ती फडक्याने पुसत असे. आज ती सगळ्यांसमोर वाचून दाखवायची होती आणि कालपासून आरशासमोर त्याचा सराव चालला होता. नवी पाटी डकोटांच्या, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांच्या, जुन्या गावाची. ती कुठे रोवायची हे सांगायला त्यांच्यातलीच डेल्फीन ग्रेहॉक आली होती. दोघं शाळेपासूनचे सोबती.

"आजीची आजी सांगायची," डेल्फीन म्हणाली, "टोस्टेनगार्डच्या बायकोचं मीठ संपलं की ती दारातूनच पश्चिमेला हाक मारायची. आमच्या चुलीपाशी ऐकू यायची."

व्हर्लिनला ते तीस मैल आठवले. पण मिनेसोटात कुणी कुणाला तोंडावर खोटं पाडत नाही.

"करून बघू," तो म्हणाला. "मी या पाटीपासून पश्चिमेला चालतो, तू हाक मार. ती पोचेल तिथे गाव."

उतार संपला तिथे दलदल होती. व्हर्लिन लव्हाळ्यात गुडघ्यापर्यंत रुतला.

"ऐकू येतंय का रे?"

"येतंय! पण बूट अडकलाय!"

"आमचे लोक म्हणजे काय बदकं होती? गाव तिथे नसणार."

"मग काय माझे पणजोबा चुकीच्या जागी राहत होते?"

"पणजोबा जागेवरच होते," वड्या कापता कापता व्हर्लिनची ऑर्डिस मावशी म्हणाली. "पाटी हलली. गवत कापताना आड येते म्हणून तुझ्या बापाने उचलून इकडे आणली. मग रस्ता रुंद झाला, तेव्हा आणखी इकडे."

"मावशी! इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"तू एवढ्या मायेने पुसायचास. वाईट दिसलं असतं."

एका बुटावर व्हर्लिन वर आला. "डेल्फीन, तुला ठाऊक होतं?"

"सगळ्यांनाच ठाऊक आहे."

"आणि मला दलदलीत धाडलंस?"

"तू आपणहून गेलास. मीही मिनेसोटाचीच आहे, कसं अडवणार?"

मावशीने सुरीनेच थांब्यामागचा झरा दाखवला. तिथे गवत बाजूला केल्यावर झोपडीचा उंबऱ्याचा दगड सापडला. त्याच्या समोरच, पश्चिमेला, डकोटांच्या चुलीचे दगड होते, गोल मांडलेले, जळून काळे पडलेले.

तोवर गाड्या आल्या, खुर्च्या भरल्या. व्हर्लिनने घसा खाकरला आणि वाचायला सुरुवात केली. 'निर्जन माळावर' इथे तो अडखळला. पुढचं शेजाऱ्याचं वाक्य त्याला पाठ होतं, तरी ते न वाचता त्याने टेप उचलली.

"डेल्फीन, टेपचं हे टोक धर गं," तो म्हणाला.

तिने टोक चुलीच्या दगडाला लावलं. तो उंबऱ्याच्या दगडापाशी वाकला आणि त्याने आकडा मोठ्याने वाचला.

"बावीस फूट, सात इंच."