बोलक्या टॅबचा तपास

"त्या माणसाला कामापेक्षा संशय जास्त आवडतो, जरा जपून राहा," असं आधीच्या सहाय्यिकेने जाताना बजावलं होतं. नव्या सहाय्यिकेने ते हसण्यावारी नेलं. वाचनालयात संशय घ्यायचा तरी कोणाचा? घरी दीड वर्षाची मुलगी असलेल्या बाईला इतकी शांत नोकरी दुसरी कुठे मिळणार होती!

"वरवर पाहता मी ग्रंथपाल," चष्मा पुसत साहेब सांगत, "पण पिंड तपासनिसाचा. माणूस पुस्तक कसं उचलतो यावरून त्याच्या घरी काल भांडण झालंय का, ते मी ओळखतो. गुन्हेगारी जगत माझ्या नुसत्या नावाने चळाचळा कापतं."

गुन्हेगारी जगतातल्या कोणीच वाचनालयाचं सभासदत्व घेतलेलं नसल्याने खरंखोटं करायची सोय नव्हती. पंख्याचं बटण कोण बंद करतं, हा त्यांचा आजवरचा सर्वांत मोठा तपास. तो अजून चालू होता.

आणि अशात टॅब हरवला.

टॅबही साधासुधा नव्हता, बोलका होता. घराबाहेर पडू न शकणाऱ्या वाचकांना वाचनालय घरपोच टॅब देत असे. पलीकडच्या गल्लीत तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या निवृत्त शिक्षिकाबाई या टॅबवर कादंबऱ्या ऐकायच्या, कारण नजर गेली होती आणि पाय उचलत नव्हते. कादंबरीचा पुढचा भाग भरायला सहाय्यिका तो घेऊन आली, नव्या पुस्तकांच्या गठ्ठ्यावर ठेवून फोन घ्यायला उठली. परत येते तो टेबल मोकळं!

"लवकर आण गं," बाईंनी बजावलं होतं. "त्या कादंबरीतलं लग्न मोडायच्या बेतात आहे. ते मोडल्याशिवाय मला मरायचीसुद्धा सोय नाही."

"साहेब, हे बघा, फोनवर टॅबचा ठावठिकाणा दिसतोय. याच इमारतीत आहे."

"म्हणजे इथे नक्कीच नाही," साहेब म्हणाले. "चोराने टॅबला खोटं बोलायला शिकवलंय. पोहोचलेला माणूस दिसतोय."

"मग बाईंना दुसरा टॅब तरी नेऊन देऊ?"

"मुळीच नाही! उरलेले टॅब साक्षीदार आहेत." साक्षीदारांना त्यांनी कपाटात कोंडलं आणि किल्ली खिशात टाकली.

पहिला संशय वर्तमानपत्रांपाशी रोज डुलकी काढणाऱ्या निवृत्त पोस्टमनवर. "इतकं गाढ कोण झोपतं? ज्याचं काम फत्ते झालंय तोच." पोस्टमनला हलवून उठवण्यात आलं. त्याने कूस बदलली. त्या कूस बदलण्यालाच साहेबांनी मूक कबुली ठरवलं.

मग सहाय्यिकेची पर्स उघडली गेली.

"ही बाटली कसली?"

"मुलीच्या दुधाची."

"रिकामी आहे."

"मुलगी दूध पिते, साहेब."

साहेबांनी अर्थपूर्ण हुंकार दिला. तिचा जीव मात्र त्या तिसऱ्या मजल्यावर अडकला होता. बाईंचा फोन लागत नव्हता, आणि तपास संपेपर्यंत सुट्टी बंद, असा हुकूम निघाला होता. संध्याकाळी निघावं, तर पाळणाघर बंद व्हायची वेळ झालेली असायची.

पुढे एका सकाळी साहेब उशिराने, पण टवटवीत चेहऱ्याने आले. "टोळी आहे! काल कुलूप लावताना कादंबऱ्यांच्या कपाटातून एका बाईचा दबका आवाज आला, 'पंधरा टक्के'. लुटीतला वाटा ठरतोय. टोळीची सूत्रधार बाई आहे!"

सहाय्यिकेच्या डोक्यात लख्खकन काहीतरी चमकलं. ती कपाटाकडे धावणार, एवढ्यात बेकरीवाल्या काकूंनी तपकिरी कव्हर घातलेलं पुस्तक टेबलावर आपटलं.

"अहो साहेब, ही सकाळी वाचनालय उघडताच नेलेली कादंबरी! पान उघडत नाही, आणि पिशवीतून सारखी 'चार्जर जोडा' म्हणून कोकलते. दुकानातली गिऱ्हाइकं माझ्याकडे बघायला लागली!"

सहाय्यिकेने कव्हर फाडलं. आत टॅब, बॅटरी तीन टक्क्यांवर. पडद्यावर मधोमध वाचनालयाचा जांभळा शिक्का. कव्हरवर क्रमांक, खाली 'कादंबरी'.

नव्या पुस्तकांना शिक्का मारून कव्हर घालण्याचं काम साहेब दुसऱ्या कोणालाही देत नसत. न बघता घालतो, ही त्यांची बढाई. त्या दिवशी पूर्ण गठ्ठ्याला त्यांनी न बघताच कव्हरं घातली होती.

"हे अक्षर तुमचंच ना, साहेब?"

साहेबांनी ते बराच वेळ निरखलं. "हुबेहूब," ते म्हणाले. "नक्कल करणारा कसलेला आहे."

पुढचं ऐकायला ती थांबलीच नाही. टॅब आणि चार्जर घेऊन तिने तिसरा मजला गाठला. दार नुसतं लोटलेलं होतं. बाई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या, उशाशी चहा तसाच, साय धरलेला. तिने वाकून त्यांच्या खांद्याला हात लावला.

"बाई?"

"आलीस?" बाईंचा आवाज बसला होता. "रेडिओसुद्धा लावला नाही गं. त्या आवाजात तू दार वाजवलंस तर कळायचं नाही, म्हणून."

तिकडे साहेब त्या अक्षराची नक्कल करणाऱ्याच्या मागावर आहेत. त्यांना राहू द्या. तुमच्या जिन्यात, तुमच्या गल्लीत असं कोणी एकटं असेल, तर नुसता फोन करू नका. वर जा, दार वाजवा आणि एकदा डोळ्यांनी बघून या.