वाटी परत करण्याबाबत

भेटवस्तू म्हणजे देणाऱ्याच्या घरातून सुटलेली आणि घेणाऱ्याच्या घरात न मावणारी वस्तू होय. हे सत्य आमच्या कुटुंबाला ज्या वर्षी कळलं, ते वर्ष म्हणजे धम्मदीपच्या घरभरणीला भिंतीवरची सतरा घड्याळं आली ते वर्ष. धम्मदीप माझा मुलगा, नांदेडला एका कार्यालयात कारकून. त्यानं कॉलनीत घर बांधलं आणि धर्माबादहून मला व भामाबाईंना तिथं आणलं. (भामाबाई म्हणजे माझी बायको. पुढं कार्यालयीन मजकूर यायचा आहे, म्हणून आतापासूनच आदरार्थी लिहितो.) बुद्धवंदना झाली, जेवणं झाली, खोकी उघडली, तर सतरा घड्याळं. घराला खिळा सहन करतील अशा भिंती अकरा. तेवढीच टांगली.

शेजारच्या मकबूलभाईंचं घड्याळाचं दुकान आहे. त्यांनी एक नजर टाकली आणि हात जोडले. "भाईसाब, सत्रह में से नौ मेरेच दुकान के हैं. वापस नक्को लाना. बड़ी मुश्किल से निकाला मैं."

या घटनेनंतर कॉलनीत विचार सुरू झाला. विकतची भेट निर्जीव असते, हातानं केलेल्या भेटीत जीव असतो, असं आमच्या सूनबाई रूपाली यांनी एका रविवारी मांडलं आणि चोवीस घरांनी ते एकमुखानं मान्य केलं. (बावीस घरांनी. दोन घरांना कुलूप होतं. कुलूप ही मूक संमती धरावी असं ठरलं.) त्यातून 'स्वहस्ते भेट समिती' निघाली. रूपाली अध्यक्ष झाल्या. विज्ञानाचे निवृत्त शिक्षक शिवमूर्ती सर, मूळचे उदगीरचे, हे प्रमाण तपासनीस झाले. चिटणीस मी. माझी निवड निव्वळ गुणवत्तेवर झाली. मोंढ्याच्या बाजारात मिरचीची पोती उचलता उचलता मी चाळिशीनंतर प्रौढ वर्गात अक्षरं शिकलो. त्यामुळं माझं अक्षर फार वापरलेलं नाही, अजून नव्यासारखं स्वच्छ आहे.

समितीचे नियम मीच लिहिले आहेत, त्यामुळं ते चांगले आहेत हे सांगायला मला संकोच वाटत नाही. भेट घरी बनवलेली असावी. सोबत साहित्य, कृती आणि प्रमाण जोडावं. प्रमाण ग्रॅममध्ये किंवा मिलिलिटरमध्ये असावं. अर्जावर सही असावी, अंगठा चालणार नाही. मंजुरीशिवाय दिलेली भेट अनधिकृत समजली जाईल.

घरगुती वस्तू बनवायला किती कष्ट पडतात हे लोकांना माहीत नसतं. उदाहरणार्थ, घरगुती साबण. त्यासाठी आधी साबण लागतो. तो कुरिअरनं येतो. मग साचा, रंग आणि वासाची बाटली लागते, तीही कुरिअरनं येतात. मग साबण वितळवून पुन्हा साबण करतात. मूळचा चौकोनी असतो, नंतर तो कमळासारखा दिसतो. मेणबत्तीचंही तसंच आहे. पहिल्या दिवाळीला कॉलनीत एकूण एकाहत्तर स्वहस्ते भेटी दिल्या गेल्या. मेणबत्त्या अडतीस, साबण एकोणीस, लिंबाच्या सालीचं फरशी पुसायचं पाणी आठ बाटल्या (पैकी दोन आपोआप फुटल्या), पुठ्ठ्याच्या चौकटी तीन, खाण्याजोग्या वस्तू तीन. खाण्याजोग्यांपैकी प्रत्यक्षात खाल्ली गेली एक. ती कोणी खाल्ली याची चौकशी झाली. त्यानंतर ते कुत्रं कॉलनीत आलेलं नाही.

भामाबाई हे सगळं स्वयंपाकघराच्या दारातून बघायच्या. त्यांनी आयुष्यात घरी काय काय बनवलं याची मी एकदा यादी करायला घेतली होती. दातवण, काजळ, येसर, काळं तिखट, शेवया, कुरड्या, वाकळा, केरसुण्या, चुली आणि धम्मदीप. पण यातल्या एकाही वस्तूला मंजुरी नव्हती, म्हणून यादी दप्तरी दाखल केली नाही.

दुसऱ्या वर्षी दिवाळी सरली आणि मकबूलभाईंची मुलगी लायबा बाळंत झाली. देगलूरला दिली होती, बाळंतपणाला माहेरी आली होती. मुलगी झाली. लायबाच्या अंगात रक्त कमी, दूध कमी. बाळ इतकं रडायचं की आमच्या घड्याळांची टिकटिक ऐकू येईना. डॉक्टरांनी औषध दिलं आणि सांगितलं, पोटात अन्न जाऊ द्या. लायबाचं तोंडच उघडेना. घास फिरवायची आणि ठेवून द्यायची. त्यांच्यात बाळंतिणीचे चाळीस दिवस असतात, त्याला चिल्ला म्हणतात. जे काही अंगी लागायचं ते त्या चाळीस दिवसांत, असं तिची आई कहकशां सांगायची आणि बोटांवर दिवस मोजायची.

समितीनं तातडीनं दखल घेतली. लायबाला सात मेणबत्त्या आणि दुधाच्या बाटलीच्या आकाराचा एक साबण पाठवण्यात आला.

"पोरीला मेनबत्त्या खाऊ घालून राहिलेत का?" भामाबाईंनी विचारलं.

"त्या वासाच्या आहेत," मी माहिती दिली.

"मंग वास खाईल म्हना." एवढं बोलून त्यांनी परात काढली. खारीक कुटली, खोबरं भाजलं, डिंक तळला, गोडंबी, खसखस, जराशी मेथी, गूळ, तूप. अकराव्या दिवशी लाडू तयार झाले. त्या डबा घेऊन निघाल्या आणि मी दारात आडवा आलो. चिटणीसाच्याच घरातून अनधिकृत भेट गेली असती, तर नियमांना कोणी विचारलं असतं?

"अर्ज करा," मी म्हणालो.

"कुनाला?"

"अध्यक्षांना."

अध्यक्ष मागं कणीक मळत होत्या. भामाबाईंनी मान वळवून विचारलं, "रूपाली, देऊ का गं लाडू?"

रूपाली ओशाळली. पण नियम तिनंच मंजूर केलेला. "द्या ना आत्या. फक्त मामांकडं अर्ज द्या तेवढा."

अर्ज मी लिहिला. स्वयंपाकघरातून बैठकीच्या खोलीत जायला त्याला चार दिवस लागले, कारण तो शिवमूर्ती सरांकडून फिरून आला. सरांचा शेरा होता : 'प्रमाण या रकान्यात "खोबरं पसाभर, खारीक दोन पसे, डिंक मूठभर, मेथी चिमूट" असे नमूद आहे. कोणाच्या हाताचा पसा? खुलासा व्हावा.' (गावाकडं आमच्या घरचं न खायला लोकांना कारण लागत नसे. इथं कारण लेखी देतात. ही प्रगती आहे.)

खुलासा करायचा म्हणून मी फुलस्केप कागद आणला आणि भामाबाईंना म्हटलं, हात ठेवा. मी बॉलपेननं कडेनं रेघ ओढू लागलो.

"आवो, गुदगुल्या व्हत्यात!"

"हलू नका. सरकारी काम आहे."

"सारा हात समितीला दिला तं भाकरी कोन थापील?" असं म्हणून त्या इतक्या हसल्या की करंगळी हलली आणि कागदावर वाकडी आली. (करंगळी मुळातच वाकडी होती. मिरच्यांची देठं खुडून खुडून. पण इतकी नाही.) लग्नाला पन्नास वर्षं होत आली होती. इतका वेळ मी त्यांचा हात कधी धरला नव्हता. हे कार्यालयीन कामाचं वैशिष्ट्य आहे, सगळ्याला वेळ मिळतो. अर्जावर सहीऐवजी अंगठाच होता. नियमात अंगठा बसत नव्हता, पण अख्खा हात चालणार नाही असं कुठं लिहिलेलं नव्हतं. कागदाला 'जोडपत्र अ : हात' असं नाव देऊन तो सादर केला.

लायबाचा पंधरावा दिवस उलटला.

सरांचा दुसरा शेरा आला : 'बाह्यरेषेवरून पशाची खोली समजत नाही.' शंका शास्त्रीय होती. मग भामाबाईंच्या तळव्यात पाणी ओतून ते औषधाच्या टोपणानं मोजायचं ठरलं. मोजेपर्यंत पाणी बोटांतून गेलं. तीनदा केलं, तीनदा गेलं. अहवालात मी 'गळती' असा शब्द लिहिला.

पलीकडं बाळ रडत होतं. भामाबाईंनी हात पदराला पुसला आणि फडताळातून एक स्टीलची वाटी काढली. वाटीवर मशीननं कहकशांचं नाव कोरलेलं होतं. बाळ झालं तेव्हा तिनं त्यातून शेवयांची खीर पाठवली होती. भामाबाईंनी त्यात दोन लाडू ठेवले आणि चपला घातल्या.

"भेट मंजूर नाही अजून," मी आठवण करून दिली.

"भेट कुठं देऊन राहिले? तिची वाटी हाय, वापस करून राहिले." आणि दारातून मागं वळून म्हणाल्या, "रिकामी वाटी देत असत्यात का, आवो? काय शिकलात तिथं प्रौढ वर्गात?"

मी नियम पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचले. वाटीचा उल्लेख कुठंही नव्हता.

आता कहकशांलाही रिकामी वाटी ठेवून घेणं शक्य नव्हतं. दुसऱ्या दिवशी ती वाटी मूठभर शेंगदाणे घेऊन कुंपणावरून आली. "भामा आपा, दोनों खाई रे! आँख बंद करके खाई!" त्यामुळं आम्हाला वाटी परत करणं भाग पडलं. दोन लाडू. मग तिकडून चार पेरू. मग इकडून दोन लाडू. सोळाव्या दिवसापासून चाळिसाव्यापर्यंत वाटी रोज गेली आणि रोज आली. मी चिटणीस या नात्यानं नोंद ठेवली : 'वाटी परत, पंचवीस वेळा. भेट, निरंक.' शिवमूर्ती सरांनी नोंद तपासली आणि आक्षेप घेतला नाही. पुढं त्यांच्याही घरातली एक वाटी आमच्याकडं आली, आत दोन काकड्या होत्या. ती आम्ही परत केली नाही तर बरं दिसलं नसतं. सर त्या लाडवाबाबत शास्त्रीय काही बोलले नाहीत, बोटं मात्र चाटली. अध्यक्षांनीही एके सकाळी स्वतः वाटी पोचवली. 'अध्यक्ष म्हणून नव्हे, सून म्हणून' असं इतिवृत्तात यावं, हा त्यांचा आग्रह होता. तसं आलं आहे.

चाळिसाव्या दिवशी लायबा स्वतः चालत आमच्या दारात आली. गालावर रंग होता. कडेवर बाळ, झोपलेलं. भामाबाईंनी बाळाला दोन्ही तळव्यांवर घेऊन तोललं आणि मान हलवली. ग्रॅममध्ये काही बोलल्या नाहीत.

समितीची मंजुरी तीन फेब्रुवारीला आली. लाडू भेट म्हणून देण्यास हरकत नाही, तसंच महिला दिनी अर्जदारानं जोडपत्र अ मधील हातासह समक्ष उपस्थित राहून प्रात्यक्षिक द्यावं, असं त्यात होतं. पत्राचा ठराव जुना होता, कागद छपाईला अडकला होता. दोष कोणाचाही नाही. मी उलट टपाली कळवलं : 'सदर हात उपलब्ध नाही.' ते पत्र वाचून अध्यक्षांनी दप्तर काढलं, मूळ जोडपत्र माझ्या हातात दिलं आणि दप्तरात छायाप्रत लावली. नियमाप्रमाणं उलट व्हायला हवं होतं. रूपाली तेव्हा रडत होती, म्हणून मी नियम दाखवला नाही.

नंतर मी दोनदा लाडू करून पाहिले. जोडपत्रावर हात ठेवला तर माझा हात चहूकडून बोटभर बाहेर जातो. पहिल्या खेपेचे लाडू वळलेच नाहीत. दुसऱ्या खेपेचे वळले. त्यानं शिवमूर्ती सरांचा दात हलला.

तुम्हीही आता मला प्रमाण विचाराल. विचारा, लाजू नका. ज्यांना ज्यांना मी हे सांगितलं त्यांनी सगळं ऐकून घेतलं, हळहळले आणि मग विचारलं, "गूळ किती घालायचा?" त्यांना मी जोडपत्राची छायाप्रत देतो. त्यांनी ती जपून ठेवली असेल. लाडू कोणी केल्याचं कळलेलं नाही.

कहकशांची वाटी मात्र आमच्याकडंच राहिली. शेवटचा फेरा तिचा होता, गाजराचा हलवा. ती मागत नाही आणि मी देत नाही. रिकामी देत नसतात, आणि भरायला मला येत नाही. बाजारचे लाडू घालून द्यावी, असं धम्मदीप एकदा म्हणाला. त्याला मी नियम दाखवला. तुमच्याही फडताळात मागच्या बाजूला दुसऱ्याच्या नावाची एखादी वाटी असेल. नाव वाचता येतं का बघा. मला यायला चाळीस वर्षं लागली, तुम्हाला तर लहानपणापासून येतं.

भामाबाई साहेबराव, वय अंदाजे बहात्तर, गुरुवार, २३ जानेवारी २०२५ रोजी सकाळी झोपेतच वारल्या. वेळ सहा ते सव्वासातच्या दरम्यान. अकरा भिंतींवर अकरा वेळा होत्या.