तीन नंबरची पाच भोकं

हार्लनच्या बारीक काडतुसांच्या रायफलीला कुठला प्रायमर मानवतो, पिस्तुलाचा की रायफलीचा, यावरून हार्लन आणि त्याचा मेहुणा डेल यांच्यात अकरा वर्षं वाजत होतं. प्रायमर म्हणजे काडतुसाच्या बुडाशी बसवायची टिकली. दिवाळीतल्या टिकलीचीच जरा तापट बहीण. हार्लन म्हणे, एवढ्याशा काडतुसाला पिस्तुलाची मवाळ ठिणगी पुरे. डेल म्हणे, रायफलीला रायफलीचाच. मोंटानात हिवाळा लांबलचक, त्यामुळे वादाला वेळ कमी पडत नसे.

शेवटी पैज लागली. हरेल त्याने रविवारी त्यांच्या नेमबाजी क्लबाच्या पॅनकेकच्या न्याहारीला साठ जणांसमोर माइकवर म्हणायचं, "मला यातलं काही कळत नाही." याच्यापेक्षा रायफल विकणं दोघांनाही सोपं गेलं असतं.

"तुझा लाडका आला की तू नेम जपून धरणार," डेल म्हणाला.

"मग आपल्याला कळायलाच नको. व्हर्ना बसवेल."

व्हर्ना म्हणजे हार्लनची बायको आणि डेलची सख्खी बहीण, म्हणजे दोघांनाही सारखीच वैतागलेली. दोन पिस्तुलाच्या, दोन रायफलीच्या अशा चार डब्यांतले पाच-पाच प्रायमर काडतुसांत बसवायचं काम घेऊन ती तळघरात गेली. रंगावरून ओळखू येऊ नयेत म्हणून तिने बुडांवर आपलं लाल नेलपॉलिश फासलं आणि चार पुड्यांवर नंबर टाकले. पुढे हार्लनने सगळ्यांत सारखीच दारू भरून गोळ्या बसवल्या.

मैदानावर एक नंबरने कागदाची चाळण केली. दोन आणि चार बरे निघाले. पण तीन नंबर! पाचही भोकं एका नाण्याखाली झाकली गेली.

"पिस्तुलाचा! मऊपणा बघ!" हार्लन ओरडला.

"अरे जा! आवाजावरूनच सांगतो, रायफलीचा!"

दोघं भांडतच स्वयंपाकघरात शिरले.

"व्हर्ना, तीन नंबर कुठल्या डबीतला?"

"चारही नंबर एकाच डबीतले," ती कणीक मळता मळता म्हणाली.

हार्लन म्हणाला, "अगं, चार डब्या दिल्या होत्या ना!"

"दिल्या होत्यास. पण भिंतीवर तुझ्याच अक्षरात पाटी आहे, 'टेबलावर एका वेळी एकाच जातीचे प्रायमर'. मी एकच डबी काढली."

"ती ठेवून मग दुसरी काढायची असते!"

"तसं पाटीवर नाहीये."

"अन् तू त्यांचा आवाज ओळखलास?" हार्लनने डेलला विचारलं.

"तू मऊपणा बघितलास ना, तसाच."

"मग हरलं कोण?" व्हर्नाने विचारलं. दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवलं. "दोघांचे शर्ट इस्त्री करून ठेवते," ती म्हणाली.

रविवारी दोघांनी माइकवर जे म्हणायचं ते म्हटलं. टाळ्या थांबल्यावर क्लबाचा म्हातारा अध्यक्ष उभा राहिला. "ते ठीक आहे रे. पण खरं कुठला चांगला, पिस्तुलाचा की रायफलीचा?"

क्षणात सभागृहाचे दोन तट पडले आणि पॅनकेक गार होऊ लागले. हार्लन आणि डेल एकदमच उठले. दोघांनाही बोलायचं होतं, जीव तोडून बोलायचं होतं.

"तुम्ही दोघं खाली बसा," अध्यक्ष म्हणाला. "तुम्हाला यातलं काही कळत नाही."