सिनेमात हत्ती आहे ना?

न बनलेला सिनेमा विकणं ही एक कला आहे, आणि त्या कलेत ओमाहापासून डेन्व्हरपर्यंत माझा हात धरणारा कोणी नव्हता. बनलेला सिनेमा काय, कोणीही विकेल. डबा उघडा, दाखवा, मोकळे व्हा. पण ज्याचा नायक अजून ठरायचाय, ज्याची कथा अजून कुणाच्या डोक्यातही आलेली नाही, असा सिनेमा खेड्यातल्या थिएटरवाल्याच्या गळ्यात मारायचा आणि वर त्याच्याच घरी पोटभर जेवून निघायचं, हे येरागबाळ्याचं काम नाही. ते लेस्टर प्रूइटचं काम. म्हणजे माझं!

आता सगळं श्रेय माझं एकट्याचं नाही, हेही सांगून टाकतो. आमची गोल्डन ईगल कंपनी दरवर्षी थिएटरवाल्यांसाठी एक पुस्तक काढायची. खिडकीच्या झडपेएवढं, मखमली पुठ्ठ्याचं, वर सोनेरी गरुड. आत पुढच्या हंगामातले सगळे सिनेमे, एकेका पानावर एकेक रंगीत चित्र. चित्रं काढणारे बसायचे न्यूयॉर्कला, सिनेमे व्हायचे कॅलिफोर्नियात, आणि दोघांची कधी गाठ पडल्याचं ऐकिवात नाही. पण काय चित्रं ती! मी स्वतः रात्री झोपण्यापूर्वी ती पानं उलटत बसायचो.

शिवाय प्रत्येक सिनेमाबरोबर थिएटरवाल्याला वेगळी पुस्तिका मिळायची. त्यात वर्तमानपत्रासाठी जाहिराती तयार, बातम्याही तयार. ‘काल आमच्या अमुक गावात या चित्रपटाला तुफान गर्दी लोटली.’ अमुकच्या जागी गावाचं नाव घालायचं आणि बातमी आदल्या दिवशीच छापखान्यात पोचवायची. रडका सिनेमा असेल तर दारात रुमाल वाटा, भीतीचा असेल तर एक नर्स बसवा, असले सल्ले पानोपानी. इतकी डोकेबाज माणसं वॉशिंग्टनला सरकारात असती तर देशाचं भलं झालं असतं, असं मला तेव्हा वाटायचं, आणि खरं सांगायचं तर आजही वाटतं.

तर ते पुस्तक काखेत मारून मी नेब्रास्कातल्या एल्क क्रॉसिंगला पोचलो. तिथं ‘गार्डन’ नावाचं थिएटर होतं आणि ते चालवायच्या ऑगस्टा लिंडक्विस्टबाई. नवरा गेल्यावर लोकांनी त्यांना थिएटर विकून शांत बसायचा सल्ला दिला होता. बाईंनी थिएटर ठेवलं आणि सल्ला सोडून दिला. तिकिटं त्याच फाडायच्या, पडदा त्याच धुवायच्या, मागच्या बाकावर कोणी चाळे केले तर कानही त्याच उपटायच्या. सारं गाव त्यांना ऑगस्टामावशी म्हणायचं. तिकिटाच्या खिडकीवर त्यांनी स्वतःच्या हातानं पाटी रंगवली होती: ‘सांगते तेच दाखवते.’

ही पाटी म्हणजे बाईंचं सर्वस्व होतं. कारण रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला क्लाइड व्हॅन हॉर्न नावाच्या गृहस्थानं नुकतंच ‘पॅलेस’ थिएटर उघडलं होतं. तिथं संगमरवरी पायऱ्या होत्या, मखमली खुर्च्या होत्या. बाईंकडे लाकडी बाकं आणि गावाचा विश्वास, एवढंच भांडवल. तो विश्वास एकदा उडाला की गार्डनला कुलूप, हे त्यांनी मला कॉफी ओतता ओतता अगदी सहज सांगितलं.

मी पुस्तक उघडलं. बाईंनी चष्मा चढवला. राजवाडा आला, पान उलटलं. आगगाडीची टक्कर आली, पान उलटलं. वाळवंटातलं प्रेम आलं, तेव्हा त्यांनी जांभई दिली. आणि मग आलं ‘सोननदीची राणी’. फेसाळता पूर, काळंकुट्ट आभाळ, आणि पुरातून सोंड उंच करून चाललेला डोंगराएवढा हत्ती. पाठीवर केस मोकळे सोडलेली नायिका. बाईंचा हात थांबला.

“लहानपणी जत्रेत एकदा हत्ती पाहिला होता,” त्या म्हणाल्या. “या गावानं तर तोही पाहिलेला नाही. सिनेमात हत्ती आहे ना?”

“बाई, हत्तीच तर सगळा सिनेमा आहे!”

हे मी मनापासून बोललो. चित्रात होता म्हणजे सिनेमात असणारच, एवढा माझा आमच्या कंपनीवर विश्वास. मी तर उठून, एक हात नाकाला लावून, त्यांच्या स्वयंपाकघरात हत्ती पूर कसा ओलांडतो तेही करून दाखवलं. त्यात एक कपबशी गेली. बाईंनी ती मनावर घेतली नाही.

“मी गावाला शब्द देणार,” त्या म्हणाल्या. “मी खोटी पडता कामा नये, मिस्टर प्रूइट.”

आणि त्यांनी सगळ्या हंगामाच्या सिनेमांवर सही केली.

पुढे बाईंनी जे केलं त्यावर मी तरी अजून फिदा आहे. पुस्तिकेतला एकही सल्ला त्यांनी वाया घालवला नाही, आणि त्यात पदरची भर घातली. कपडे धुवायच्या टबाचं बूड चुन्यात बुडवून स्टेशनपासून थिएटरच्या दारापर्यंत रस्त्यावर हत्तीची पावलं उठवली. शाळेत मास्तरीणबाईंना सांगून पोरांकडून हत्तीवर निबंध लिहून घेतले. लूथरन चर्चच्या पाद्रीबाबांना गाठलं, तर त्यांनी रविवारच्या प्रवचनात हत्ती घेऊन आल्प्स ओलांडणारा हॅनिबल आणला, जो बायबलमध्ये कुठेच नाही. चर्चच्या बायकांनी शुभारंभासाठी हत्तीच्या आकाराचे वेलदोडा घातलेले गोड पाव करायचं ठरवलं. आणि कोपऱ्याकोपऱ्यावर पोस्टरं! त्यांची खळसुद्धा बाईंनी घरीच शिजवली. राय या धान्याच्या पिठाची, आणि चांगली चिकटावी म्हणून तिच्यात काकवी.

काकवी लक्षात ठेवा.

शुभारंभाच्या दिवशी सकाळच्या गाडीनं मी सिनेमाचे डबे घेऊन उतरलो. कुठलाही सिनेमा गावाला दाखवण्याआधी बाई तो रिकाम्या थिएटरात एकट्यानं बघायच्या. आज मीही शेजारी बसलो. पहिलं रीळ झालं, हत्ती नाही. दुसरं झालं, नाही. येईल, पुरात येईल, मी म्हटलं. पूर आला. तो एका गाढवाच्या गुडघ्यापर्यंत आला, कारण नायिका गाढवावर बसून ओढा ओलांडत होती. गाढव मध्येच थांबून पाणी प्यायलं. मग समाप्त.

सिनेमा वाईट होता असं नाही. आईची आणि मुलीची ताटातूट होते तिथं बाईंनी डोळे टिपले होते. पण दिवे लागले तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मला वाटलं, त्या पुरात आपण बुडालो असतो तर बरं झालं असतं. गाढवाच्या गुडघ्याएवढ्या पाण्यात तेही जमलं नसतं.

मी कंपनीच्या ओमाहातल्या कचेरीत आमच्या हॅगर्टीसाहेबांना फोन लावला. साहेब म्हणाले, शूटिंगच्या वेळी हत्तीला सर्दी झाली होती आणि गाढव मोकळं होतं. आणि पुस्तकाच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत छापलंय की बदलाचा हक्क कंपनीकडे राखीव आहे, ते तू वाचलं नाहीस का? मी चित्रं बघायचो. बारीक अक्षरं कोण वाचतो!

बाई तिकिटाच्या खिडकीपाशी पाटीकडे बघत उभ्या होत्या. त्या मला एक शब्द बोलल्या नाहीत. त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या तर मी मुकाट्यानं घरी गेलो असतो. पण त्या गप्प राहिल्या, म्हणून माझं डोकं चालायला लागलं. शेजारच्या गावाबाहेर एक सर्कस थंडीपुरती मुक्कामाला आली होती. मी एकाची मोटार मागून घेतली आणि सुटलो.

सर्कशीत टिबेट्स नावाचा माहूत आणि डचेस नावाची म्हातारी हत्तीण होती. टिबेट्स म्हणाला, ती गरीब गाय आहे, फक्त गोड खायला घालू नका. मी म्हटलं, गोड कोण देतंय? दारात उभी राहील, लोक बघतील, आत जातील. इतकी साधी, सुटसुटीत योजना मी आयुष्यात आखली नव्हती.

संध्याकाळी डचेस गावात शिरली. पोरं एकदम ओरडायला लागली. सगळं गाव रस्त्याच्या दोन्ही कडांना उभं. मी पुढे, हॅट हातात घेऊन लवून नमस्कार करत. पहिल्या कोपऱ्यावर डचेस थांबली. तिनं भिंतीवरचं पोस्टर हुंगलं. मग सोंडेनं ते अलगद सोलून काढलं आणि नायिकेसकट खाल्लं.

काकवी!

त्यानंतर तिला आवरणं टिबेट्सच्या बापालाही जमलं नसतं. एकेक कोपरा करत तिनं बाईंची सगळी पोस्टरं फस्त केली. ती संपल्यावर मोर्चा वळला पॅलेसकडे. व्हॅन हॉर्नची खळ साधीच होती, पण आता तिला चव लागली होती. त्याच्या दर्शनी भिंतीवर प्रचंड पोस्टर होतं, एका संस्थानिकाचं आणि नर्तकीचं. डचेसनं आधी संस्थानिक खाल्ला. व्हॅन हॉर्न बाहेर धावत आला आणि मला म्हणाला की हे सगळं आम्ही मुद्दाम घडवून आणलंय, मी वकील लावीन. तेवढ्यात तिनं नर्तकी ओढली. त्याच्या संगमरवरी पायऱ्यांवर तिकिटासाठी उभे असलेले लोक रांग मोडून हत्तिणीच्या मागे निघाले, कारण संस्थानिक काय रोज बघायला मिळतो, पण संस्थानिक खाणारी हत्तीण कुठं मिळते?

इथवर मी मनात पुढच्या वर्षीची बढती मोजत होतो. आणि मग वारा फिरला. गार्डनच्या दारातून चर्चच्या बायकांनी नुकत्याच मांडलेल्या वेलदोड्याच्या पावांचा वास आला. डचेसनं कान हलवले. चुन्याच्या पावलांवरून ती सरळ निघाली, डोकं दारात घातलं, खांदे घातले, आणि तिथं अडकली. पुढचा अर्धा भाग आत पाव खातोय, मागचा अर्धा रस्त्यावर. सारं एल्क क्रॉसिंग, आणि त्यावर पॅलेसची अर्धी गर्दी, तिच्या शेपटीकडे बघत उभी.

बाईंनी एकदा हत्तीण पाहिली, एकदा गर्दी पाहिली, आणि कोळशाच्या कोठाराचं मागचं दार उघडलं. बँकेचे मॅनेजर, पाद्रीबाबा, मास्तरीणबाई, सगळे कोळशावरून चढून, पडद्यासमोरून वाट काढत बाकांवर जाऊन बसले. कोणाची कॉलर पांढरी राहिली नाही. बाकं भरली, भिंतीला टेकून माणसं उभी राहिली. आणि मग बाई पडद्यासमोर आल्या. हातात काही नाही, तोंडावर पावडर नाही, नाकावर कोळशाचा डाग.

“या सिनेमात हत्ती नाही,” त्या म्हणाल्या.

मी दाराकडे सटकायला निघालो, पण दारात डचेस होती.

“मला सांगितलं होतं आहे म्हणून, मी तुम्हाला सांगितलं. सकाळी पाहिलं तर गाढव निघालं. आता माझ्या पाटीवर काय लिहिलंय ते तुम्हाला ठाऊक आहे. हत्ती सांगितला होता. पडद्यावर नसेल, पण दाखवलाय की नाही?” त्यांनी चष्मा काढून कमरेला बांधलेल्या एप्रनला पुसला. “एवढ्यानं ज्याचं समाधान झालं नसेल त्याला तिकिटाचे पैसे परत. खुशाल पुढच्या दारानं बाहेर जा आणि खिडकीवर घ्या.”

सगळ्यांनी माना वळवून पुढच्या दाराकडे पाहिलं. तिथून डचेसनं त्यांच्याकडे पाहिलं. पहिला हसला तो बँकेचा मॅनेजर. मग छप्पर उडतंय की काय असं झालं. मीही हसलो, आणि हसता हसता माझे डोळे भरून आले. थाप मारून थिएटर भरणारे मी शेकड्यांनी पाहिले होते, त्यांत मीही आलोच. खरं बोलून भरलेलं थिएटर राखणारी बाई मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.

सिनेमा सुरू झाला. आणि नायिका गाढवावर बसून ओढ्यात उतरली तेव्हा, पाव संपले म्हणून असेल किंवा गाढवाचा राग आला म्हणून असेल, डचेसनं सोंड वर करून अशी काही आरोळी ठोकली की पडद्याशेजारी पियानो वाजवणाऱ्या बाईचे हात पट्ट्यांवरून उडाले. मूकपटात हत्ती बोलला! लोक बाकांवर उभे राहून टाळ्या वाजवत होते. न्यूयॉर्कच्या सगळ्या चित्रकारांनी मिळून असा हत्ती काढला नसता.

तिला बाहेर काढायला दाराची चौकट कापावी लागली. पुढच्या रविवारी गावातल्या सुतारांनी ती फुकटात बसवून दिली, जरा रुंद करूनच.

पुढच्या वर्षीच्या कंपनीच्या पुस्तकात थिएटरवाल्यांसाठीचे सल्लेही घातले होते, आणि त्यांत पहिलाच होता: ‘दारात हत्ती उभा करा. सिनेमात हत्ती असण्याची गरज नाही.’ खाली न्यूयॉर्कच्या जाहिरातप्रमुखांचा हसरा फोटो. माझं नाव कुठेच नव्हतं, बारीक अक्षरांतही नाही. या खेपेला मी तीही वाचली.

ते पुस्तक घेऊन मी पुन्हा बाईंच्या स्वयंपाकघरात बसलो. त्यांनी चष्मा चढवला. राजवाडा उलटला, टक्कर उलटली, आणि एका पानावर हात थांबला. खवळलेला समुद्र, घराएवढ्या लाटा, फुटलेलं जहाज. माझा जीव सुपाएवढा झाला. बाईंनी लाटांवर बोट ठेवलं.

“चित्र सुरेख आहे, मिस्टर प्रूइट,” त्या म्हणाल्या. “पण हा सिनेमात नसला, तर तुम्ही आणणार कुठून?”

मी पुस्तक मिटलं आणि कॉफी प्यायलो. नेब्रास्कापासून समुद्र किती लांब आहे, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट कळलं.