काळा, चंदेरी आणि मामांचे बॉयलर

चष्म्याच्या दुकानात दिवसभर गिऱ्हाइकांना "हे स्पष्ट दिसतंय की ते?" असं विचारणाऱ्या त्या माणसाला घरी मात्र आठवडाभर काहीच स्पष्ट दिसत नव्हतं. घरात टेबल एक आणि लॅपटॉप दोन. दोन्ही जुने, दुसऱ्याने वापरून झालेले. काळा त्याचा, चंदेरी बायकोचा. एक ठेवायचा आणि एक विकायचा, इथवर दोघांचं एकमत होतं. कुठला, यावर घोडं पेंड खात होतं.

"माझ्याचा कीबोर्ड बघ, लोण्यासारखा चालतो," तो म्हणायचा.

"आणि उचलायला हमाल लागतो," ग्रंथालयात नोकरी करणारी बायको म्हणायची. "माझा बघा, पिशवीत घातला तरी जाणवत नाही."

"जाणवत नाही, पण ऐकू येतो ना! पंखा केवढ्याने घोंघावतो!"

अशात शुक्रवारी बायकोच्या मामांचा फोन आला. मामा म्हणजे निवृत्त बॉयलर इन्स्पेक्टर. या दोघांनी लग्न ठरवलं तेव्हा दोन्ही घरांनी दारं लावून घेतली होती. साक्षीदाराची सही करायला एकटे मामा उभे राहिले. तेव्हापासून मामांचा शब्द या घरात कुणी खाली पडू दिला नव्हता.

"पोरी, आत्मचरित्र लिहून झालं बरं का!" मामा आनंदाने ओरडले. "एकेका बॉयलरला एकेक प्रकरण दिलंय. शंभराच्या वर गेली प्रकरणं. आता तुमच्यापैकी ज्याचा लॅपटॉप राहील त्याने ते टाईप करायचं. रविवारी बाड घेऊन येतो!"

बायकोने फोन ठेवला. पुढच्या दोन वर्षांचे रविवार वाफ होऊन उडताना त्याला डोळ्यांसमोर दिसले. त्याने घसा खाकरला.

"खरं सांगू? तुझ्या पंख्याच्या आवाजात एक लय आहे. तुझाच ठेवू."

"छे हो! तुमच्या कीबोर्डची सर नाही त्याला. आणि माझ्याचा तर 'क'सुद्धा उमटत नाही."

त्याने चंदेरी उघडून 'क' दाबला. पडद्यावर 'क'ची रांगच्या रांग उभी राहिली.

"आज उमटतोय," बायको म्हणाली. "उद्याचं कोणी सांगावं?"

"माझ्याची बॅटरी चहा उकळेपर्यंत टिकत नाही, त्याचं काय?"

"मग वायर लावून बसा. बसूनच तर टाईप करायचंय!"

जेवणं होईपर्यंत दोन्ही लॅपटॉपचे दोष सांगून संपले. मग बायको भाताची शितं चिवडत हळूच म्हणाली, "अहो, दोन्ही विकले तर?"

इतकी लाडकी ती त्याला कित्येक वर्षांत वाटली नव्हती.

शनिवारी सकाळीच दोघं बाजारातल्या जुन्या मालाच्या दुकानात हजर झाले. दुकानदाराने दोन्ही लॅपटॉप चालवून बघितले आणि तो खूश झाला. "झकास आहेत की!"

"कसले झकास? बॅटरी पार बसलीय," सवयीने नवऱ्याच्या तोंडून निघून गेलं.

"आणि पंखा ऐका, पंखा!" बायको म्हणाली.

"'क'चाही भरवसा नाही."

दुकानदाराने कपाळावर हात मारला. "साहेब, तुम्ही माल विकायला आलात की तक्रार करायला?"

तरीही त्याने दोन्ही घेतले. परतताना दोघांनी आईस्क्रीम खाल्लं, आणि तिथूनच बायकोने पडेल आवाजात मामांना कळवलं की लॅपटॉप पार मोडीत निघाले, दोन्ही गेले. "असं?" मामा म्हणाले. "असू दे. मी येतोच उद्या." बायको सुटकेचा निःश्वास टाकून हसली. त्याला मात्र ती साक्षीदाराची सही आठवत राहिली. आईस्क्रीम उतरलं, ती काही घशाखाली उतरेना.

रविवारी मामा आले ते एका हातात बाड आणि दुसऱ्या हातात खोकं घेऊन.

"तुमचे लॅपटॉप गेले ऐकून फार वाईट वाटलं. तसाच बाजारात गेलो. जुन्या मालाच्या दुकानदाराला म्हटलं, दोष लपवलेला माल मला नको. जन्मभर बॉयलर तपासलेत मी. लपवलेला दोषच फुटतो! तर तो म्हणाला, आजच दोन आलेत. विकणारं जोडपं इतकं सच्चं, की सगळे दोष स्वतःच्या तोंडाने सांगून गेलं. म्हटलं, मग डोळे मिटून दे!"

मामांनी खोकं उघडलं. आत काळा आणि चंदेरी शेजारी शेजारी झोपले होते.

"दोन घेतले, म्हणजे एकट्यावर भार नको. 'क'बद्दल त्यांनी सांगितलं होतं, म्हणून पहिलं पान मीच टाईप करून बघितलं. छान उमटतो हो!"

पंखा घोंघावत चंदेरी सुरू झाला. पडद्यावर एकच ओळ होती: 'ज्यांनी मला कधीच नाही म्हटलं नाही, त्या माझ्या भाचीला आणि जावईबापूंना.'

त्याने चष्मा काढून पुसला. बायकोने बाड ओढून घेतलं आणि विचारलं, "मामा, पहिला बॉयलर कुठला?"

"सांगतो, सांगतो. आधी हे घ्या एकेक. कुणाला कुठला, ते तुमचं तुम्ही ठरवा."

दोघांचे हात एकदमच पुढे झाले. त्याचा काळ्यावर पडला, तिचा चंदेरीवर.

"वा!" मामा भारावून म्हणाले. "मला वाटलं होतं, आठवडाभर भांडाल."