खालच्या थांब्याचा बाक सर झाल्याची हकिगत

ऐकणारांनी मांडी नीट घालून बसावे, पाठीशी उशी घ्यावी, कारण हकिगत बसण्याचीच आहे, आणि ज्यांनी ही मोहीम मारली त्यांच्या नशिबी तेवढेच नव्हते.

शहर उतारावर वसलेले. वरच्या अंगास गोऱ्यांची वस्ती, खालच्या अंगास काळ्यासावळ्यांची, ज्यांचे पणजे बोटीतून आले आणि कामाला लागले ते लागलेच. बस एकच, तिकीट तेच, परंतु वरच्या थांब्यास छप्पर आणि बाक आणि शेजारी आणखी एक बाक, खालच्यास निव्वळ खांब. कातडी पाहून बाक दिले ऐसे कोणी म्हणेना. नगरपालिकेचा कायदा दाखवीत, की जेथे लोक बसलेले दिसती तेथे बाक द्यावा. मग मोजणीदार खाली येत, सारे उभे पाहत, आणि 'बसणारे नाहीत, सबब गरज नाही' ऐसा शेरा मारून परतत.

त्या वस्तीत धुलाईच्या दुकानाची मालकीण मावशी म्हणून मशहूर. पदरी घरघरती यंत्रे आणि एक सासू. सासूबाईंच्या गुडघ्यांनी बंड केलेले, व्यायामाच्या दवाखान्यास बसने न्यावे तर खांबापाशी उभे राहवेना. मग त्यांनी फर्मान काढले, की आम्ही कोठेही येणार नाही, खुर्ची ते पलंग एवढेच आमचे राज्य. मावशीच्या जिवाला घोर, की पाय कायमचे जातील.

इतक्यात विद्यापीठाकडून गोऱ्या प्राध्यापकबाई वंशसमतेची मसलत करावयास आल्या, संगे संगणक आणि भलेमोठे भाषण. मावशीने शर्त घातली, की खलबत आमच्या दुकानात होईल आणि यंत्र पिळू लागले की बोलणे बंद, कारण ऐकूच येत नाही. मग बाई 'सामाजिक धोरणाची चौकट' इथवर येत आणि यंत्र गरगरे, आणि बाई पुन्हा आरंभ करीत, आणि दुसरे गरगरे. अखेर बाईंनी संगणक मिटला आणि चादरीचे टोक धरले, तेव्हा कुठे बोलणे जमले.

बाकाची कहाणी ऐकून बाईंचा चेहरा उतरला.

"तो कायदा आमच्याच विभागानं लिहून दिलाय," त्या म्हणाल्या.

"अगं बाई. मला वाटलं कोणी मुद्दाम केलाय."

"मुद्दाम नाही हो. पण लिहिणाऱ्यांत खालून बस धरणारं कोणी नव्हतं."

"मग आता रडायचं की घडी घालायची? टोक सोडू नका."

बाईंनी टोक सोडले नाही. घडी घालता घालता त्यांना आठवले, "त्यात 'बसलेले लोक' एवढंच आहे. कशावर बसलेले, ते कुठंच नाही."

नेमके तेव्हाच यंत्र पिळू लागले. आणि मावशीने, जी ग्राहक हातापाया पडला तरी यंत्र थांबवीत नसे, खटका दाबून ते बंद केले आणि म्हणाली, "पुन्हा सांगा."

मग वस्तीत हुकूम सुटला, की मोजणीच्या दिवशी ज्याच्या घरी जे बूड टेकण्याजोगे असेल ते खांबापाशी हजर करावे. न्हाव्याची फिरती खुर्ची आली, शिंप्याचे स्टूल आले, एक सोफा आला, त्यावर वर्षानुवर्षे अबोला धरलेल्या दोन विहिणी एकत्र बसल्या. विद्यापीठाची मुले हमाल म्हणून कुमकेस आली. सासूबाई म्हणाल्या, "माझी खुर्ची न्यायची तर माझ्यासकट न्या." मुलांनी तसेच उचलले.

मोर्चा चोख बांधला. परंतु नगरपालिकेचे रस्तेसाहेब मोजणीदारास घेऊन, मोटारीने न येता बसनेच आले, आणि बस दिसताच अवघी फौज, पिढ्यांची खोड, ताडकन उभी राहिली. साहेब उतरले तो सारे उभे.

बसून एकट्या सासूबाई, कारण गुडघे उठू देईनात.

"बाळा," त्या साहेबांना म्हणाल्या, "तू तरी बस. या सगळ्यांना बसायची सवयच नाही रे, कोणी दिलीच नाही."

"घरच्या खुर्च्या कायद्यात चालत नाहीत," साहेब पुटपुटले. प्राध्यापकबाई म्हणाल्या, "कुठलं कलम? लिहिणारी मी आहे." मग साहेब न्हाव्याच्या खुर्चीत टेकले, ती त्यांना घेऊन फिरली, आणि मागे मावशी ओरडली, "अरे बसा की आता!" आणि सारी फौज बसली, आणि मोजणीदाराने मोजले, त्यात साहेबही मोजले गेले.

येणेप्रमाणे खालचा थांबा फत्ते जाहला. छप्पर आले, बाक आला. नवा कायदा मावशी आणि बाई यांनी यंत्रे बंद ठेवून दुकानातच लिहिला, त्यात मोजायचे ते उभे असलेले. आणि पहिल्या दिवशी सासूबाई दवाखान्यास निघून बाकावर बसल्या, बस आली, मावशीने हात पुढे केला.

"जाऊ दे ही," सासूबाई म्हणाल्या. "आत्ताच तर बसलेय."

त्या पुढल्या बसने गेल्या, ऐसे येथे नमूद केले असे.